छोट्या डेस्कटॉपमधले रॅमचे स्लॉट कुठून आले आणि कुठे गेले

छोटा डेस्कटॉप दोन-तीन वर्षं वापरून झाला की तो रखडायला लागतो आणि मग पहिला प्रश्न हाच पडतो, ह्यात रॅम वाढवता येईल का. उत्तर मशीन कुठल्या सालचं आहे त्यावर ठरतं, एकाच नावाच्या मशीनलासुद्धा एका साली हो आणि दुसऱ्या साली नाही असं होतं, आणि हे असं का झालं ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

१९८४ चा ॲपलचा पहिला मॅकिंटॉश घ्या. त्यात १२८ केबी रॅम होती, ६४ किलोबिटच्या १६ चिप्स थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या, स्लॉट नाहीच, कारण स्टीव्ह जॉब्सला लोकांनी डबा उघडावा असं वाटतच नव्हतं. १२८ केबी लगेच अपुरी पडली, त्याच वर्षी ५१२ केबीचं मॉडेल आलं, आणि हात बसलेली माणसं जुन्या मशीनच्या १६ च्या १६ चिप्स काढून तिथे २५६ किलोबिटच्या बसवायला लागली. १९८६ च्या मॅक प्लसमध्ये सिमचे, म्हणजे चिप्स बसवलेल्या छोट्या रॅम-पट्ट्यांचे, चार स्लॉट आले आणि १ एमबीवरून ४ एमबीपर्यंत जाता यायला लागलं, पण हँडलच्या खोबणीत खोलवर बसलेले स्क्रू काढायला लांब दांड्याचा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, लागायचा, शिवाय आत पिक्चर ट्यूब, तिच्यात बंद केल्यावरही करंट साठून राहू शकतो, म्हणजे काम जपूनच.

नंतर सिम जाऊन डिम नावाची नवी पट्टी आली, आणि लॅपटॉपसाठी तिची साधारण निम्म्या लांबीची सो-डिम. छोट्या डेस्कटॉपनी पुढे हीच उचलली. डीडीआर रॅमच्या प्रत्येक पिढीत पिना नाहीतर खाच बदलत गेली, डीडीआर आणि डीडीआर२ ला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२, म्हणून जुन्या मशीनची स्टिक नव्यात बसत नाही. आणि बसली तरी चालेलच असं नाही. डीडीआर३ च्या काळात काही छोट्या मशीनना १.३५ व्होल्टचीच रॅम लागायची, १.५ व्होल्टची लावली की स्क्रीन काळी, आणि लोकांना वाटायचं स्टिक खराब निघाली.

ॲपलच्या मॅक मिनी ह्या छोट्या डेस्कटॉपमध्ये हा सगळा प्रवास एकाच मशीनवर दिसतो. २००५ च्या पहिल्या मिनीत एकच स्लॉट, तोही मोठ्या डिमचा, आणि झाकण उघडायला पातळ पुट्टी नाइफ कडेत घालून उचकटायचं. २०१० मध्ये तळाला गोल काळं झाकण आलं, हाताने फिरवलं की निघायचं आणि समोर दोन सो-डिम, पाच मिनिटांचं काम. माझ्या मते ह्यापेक्षा चांगली सोय छोट्या डेस्कटॉपमध्ये क्वचितच कुणी दिली, २०१२ च्या मिनीत १६ जीबी घालून लोकांनी ती वर्षानुवर्षं चालवली. इंटेलचे नक नावाचे छोटे डेस्कटॉपसुद्धा ह्याच काळातले, त्यांचे बरेचसे किट तर रॅमशिवायच विकायचे, तळाचे चार स्क्रू काढा आणि आपली आपण लावा.

मग २०१४ च्या मिनीत रॅम थेट बोर्डावर सोल्डर केलेली, घेताना ४ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ४ जीबीच. २०१८ मध्ये स्लॉट परत आले, ६४ जीबीपर्यंत, फक्त तिथे पोचायला पंखा काढून अख्खा बोर्ड बाहेर सरकवावा लागतो. आणि २०२० च्या मिनीत ॲपलची स्वतःची एम१ चिप आली तेव्हापासून रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर गेली, आता सोल्डरिंग येणाऱ्यालाही ते सहज जमण्यातलं नाही.

बरेच जण म्हणतात कंपन्यांना जास्त रॅमचे जास्त पैसे घ्यायचे असतात म्हणून हे केलं, आणि ते चूक नाही, पण तेवढंच कारण नाही. सिग्नलला सॉकेट आणि लांब वायरींमधून जावं लागलं की वेग वाढवताना त्रास होतो, आणि सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) एकच रॅम वापरायला लागले की वेग जास्तच लागतो. २०१८ च्या मिनीत दोन स्टिक मिळून सेकंदाला साधारण ४२ जीबी डेटा जायचा, एम१ मध्ये ६८. २०२५ चा फ्रेमवर्क डेस्कटॉप बघा, सहज दुरुस्त होणारी मशीन बनवण्यासाठीच ओळखली जाणारी कंपनी, पण २५६ बिटच्या बसवर, म्हणजे डेटा नेणाऱ्या वाटेवर, सेकंदाला २५६ जीबीचा वेग हवा म्हणून तिलाही रॅम सोल्डर करावी लागली.

मधला मार्ग म्हणून रॅमची स्टँडर्ड ठरवणाऱ्या जेडेक ह्या संस्थेने २०२३ च्या शेवटी कॅम२ नावाचं स्टँडर्ड आणलं, ह्यात मॉड्यूल बोर्डावर आडवं ठेवून स्क्रूने दाबून बसवतात, त्यामुळे वायरी आखूड राहतात आणि रॅम बदलताही येते. २०२४ मध्ये लेनोव्होच्या एका थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ते आलंसुद्धा. छोट्या डेस्कटॉपमध्ये ते सर्रास येईपर्यंत विकत घेण्याआधी स्पेकमध्ये सो-डिम लिहिलंय की एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) एवढं नक्की बघा. सो-डिम असेल तर आत्ता कमी घेऊन पुढे वाढवता येते. एलपीडीडीआर असेल तर ती जवळजवळ नेहमी सोल्डर केलेलीच असते, मग चार-पाच वर्षांनी किती लागेल ते धरूनच घ्या.