आपत्ती-सज्जता, खान्देशातील

खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ऊन, वादळ, आग, पूर आणि घरांची पडझड यांपासून माणसे, जनावरे व पाणी वाचवण्यासाठी घराने आणि गावाने आधीच करून ठेवायची तयारी. इथली मोठी अडचण अशी की एका ऋतूत जीव जगवणारी गोष्ट दुसऱ्या ऋतूत जिवावर उठते. धाब्याचे, म्हणजे लाकडावर माती पसरलेले सपाट छप्पर मे महिन्यात घर गार ठेवते आणि भाद्रपदाच्या झडीत तेच खाली येते. भावाची वाट पाहत ओसरीत भरून ठेवलेला कापूस उन्हाळ्यात घरातले सर्वांत मोठे जळण होतो. म्हणून इथली तयारी वर्षातून एकदा पेटी भरून संपत नाही. होळीनंतर, मृगाच्या आधी आणि पोळ्याच्या सुमारास अशी तीनदा घराची पाहणी करावी लागते.

ऊन

भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. मैदानी भागात कमाल तापमान 45 अंशांना पोहोचले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते, 47 अंशांना तीव्र लाट. दुपारी 12 ते 4 शेतातले काम बंद ठेवणे हा पहिला उपाय. मजुरी बुडते म्हणून तो पाळला जात नाही, त्यामुळे सकाळी 6 ला काम सुरू करण्याचे मुकादम आणि शेतमालकाने आधीच ठरवून ठेवावे.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज 8 लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी 120 लिटर पाणी लागते. म्हणजे वीस लिटरचे सहा जार. वीज गेली की पाणीपुरवठ्याचे पंपही बंद पडतात, त्यामुळे हा साठा पुरासाठीही तोच. अशक्तपणा, जुलाब किंवा उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालेले मीठ लहान मुलाला धोक्याचे असते.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोक जाऊ लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम आहे की नाही हे बघत बसू नये, कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्याला घाम असूही शकतो. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून पंख्याने वारा घालावा, मान, काखा व जांघेत ओले गार कापड ठेवावे आणि 108 ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत उतरते.

पत्र्याच्या कुलरने शॉक बसण्याचा धोका उन्हाळाभर असतो. ओली फरशी, अनवाणी पाय, सैल वायर आणि अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग हे सगळे तिथे एकत्र येते. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढावा. घराच्या विजेच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच (आरसीसीबी) बसवावा. त्या किमतीत यापेक्षा जास्त जीव वाचवणारी वस्तू या भागातल्या घराला दुसरी नाही.

कापूस आणि आग

कापूस राहत्या खोलीत ठेवावाच लागला तर ढीग विजेच्या बोर्डापासून व वायरपासून निदान तीन फूट दूर असावा, देवघराची समई आणि चूल त्या खोलीत नसावी आणि झोपणाऱ्यांच्या व दाराच्या मध्ये ढीग येऊ नये. ही शेवटची चूक सर्वांत घातक, कारण आग लागली की बाहेर पडायची वाटच जळत असते. परहाटीची (कापसाच्या वाळलेल्या काड्यांची) गंजी आणि कडबा घराला टेकवून रचू नये.

कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. पाणी वरच्या थरावरून ओघळून जाते, आत पोहोचत नाही. विझवल्यावर ढीग घराबाहेर ओढून काढावा, दाताळ्याने पसरावा, पसरलेल्या प्रत्येक भागावर पाणी मारावे आणि पुढचे 24 तास कोणीतरी राखण करावी. तोच कापूस लगेच दुसऱ्या खोलीत हलवला तर दुसरी खोली पेटते.

वारा, वीज आणि पत्रे

मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या होतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण माणसे जखमी होतात ती बहुधा उडालेल्या पत्र्यांनी आणि त्यांवर ठेवलेल्या दगडांनी. दगड पत्र्याला धरून ठेवत नाही. वारा पत्र्याखाली शिरून तो उचलतो आणि दगड खाली झोपलेल्यांवर पडतो. पत्रा जे-आकाराच्या हुकाने वासा किंवा पाइपाला आवळावा, हुक पन्हळीच्या उंचवट्यावर घ्यावा आणि नटाखाली रबरी वॉशर घालावा. छपराच्या कडांना हुक जवळजवळ लागतात, कारण वाऱ्याची ओढ तिथेच जास्त असते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. बांधावरचे एकटे निंबाचे झाड हा आसरा नव्हे. बैलही त्याखाली बांधू नयेत.

धाबे

धाब्याच्या छपरात लाकडी सरे (जाड तुळया) व कड्या (त्यांवरचे आडवे वासे), त्यांवर फळ्या किंवा कामट्या, पाल्याचा थर, माती आणि सर्वांत वर खारी असते. खारी ही क्षारयुक्त पांढरी माती ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी आत न मुरता वाहून जाते. म्हणूनच ती दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पसरतात. दोष इथूनच सुरू होतो. जुना थर न काढता वर नवा घातला जातो आणि वीस-पंचवीस वर्षांत छपराची जाडी फुटावर जाते.

वजनाचा हिशेब मांडून पाहावा. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर 10 सेंटिमीटर माती म्हणजे सव्वा घनमीटरच्या आसपास, कोरडी असताना सुमारे दोन टन. जाडी 30 सेंटिमीटर झाली की सहा टन, आणि झडीत भिजल्यावर सात. कड्या मात्र आजोबांच्या काळातल्या आणि भिंतीत रुतलेली त्यांची टोके वाळवीने खाल्लेली.

मृगाच्या आधी जुनी माती उकरून उतरवावी आणि मगच दोन-तीन बोटे नवी खारी टाकावी. उतार पन्हळाकडे ठेवावा आणि पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर काढावे, नाहीतर पाणी भिंतीचा पाया भिजवते. कडीची टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. सहज रुतला तर कडी गेली. मातीखाली प्लास्टिकचा कागद घालण्याची पद्धत आहे, पण तो एका जागी फाटला की पाणी आत साचते, दिसत नाही आणि लाकूड कुजते.

पडण्याआधी धाबे सांगते. रात्रीच्या शांततेत माती झरण्याचा आवाज येतो, अंथरुणावर बारीक खडे दिसतात, काल लागणारे दार आज चौकटीत अडकते, कडीचा मध्य झुकतो. यांपैकी दोन खुणा दिसल्या की त्या खोलीत झोपू नये. टेकू लावायचा तो जमिनीवर फळी टाकून तिच्यावर, ओल्या जमिनीवर सरळ उभा केलेला टेकू खचतो. सलग दोन दिवस झड लागली की धाब्याच्या घरातली माणसे शाळेत किंवा समाजमंदिरात हलवण्याचे गावाने आधीच ठरवावे, घरमालकाच्या मर्जीवर सोडू नये.

सातपुड्यात भूकंपाचाही धोका आहे. 14 मार्च 1938 रोजी तिथे 6 पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. जड धाबे व मातीची भिंत असलेल्या घरात हलके छप्पर हाच पहिला उपाय.

पूर

खान्देशात पूर दोन प्रकारे येतो. तापीचा पूर गावात थेंब न पडताही येतो, कारण पाऊस मेळघाट, बैतूल, बऱ्हाणपूर आणि पूर्णेच्या खोऱ्यात झालेला असतो. तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले आणि किती क्यूसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडले हे काठावरच्या गावांनी दर तासाला बघायचे असते. खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजेही त्यानुसार उघडतात. इथे हातात काही तास मिळतात. नाल्यांचा आणि छोट्या नद्यांचा पूर मात्र तासाभरात अंगावर येतो. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर व डोंगरी नद्यांनी चाळीसगाव बुडवले आणि त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. ऑगस्ट 2018 मध्ये नवापुरात रंगावली नदीने तसेच केले.

म्हणून निघण्याची पिशवी दाराजवळ हवी. आधार, रेशनकार्ड, सातबारा व बँक पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आठवड्याची रोजची औषधे, बॅटरी, चार्ज केलेली पॉवरबँक, सुटे पैसे. खाण्याला बिबडे (ज्वारीचे पापड), दशम्या, फुटाणे, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. दशमी दुधात भिजवलेली असल्याने साध्या भाकरीपेक्षा जास्त टिकते. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि गोठ्यातली दावी सोडावीत. सुटलेले जनावर उंचावर जाते, बांधलेले जागीच बुडते.

फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यातही उतरू नये. वाहत्या पाण्याने फरशीचा भराव खालून नेलेला असतो, वरून ते कळत नाही. मोटारसायकल तर फूटभर पाण्यातही आडवी होते. गावाने दोन्ही बाजूंना दोरी बांधून माणूस उभा करावा, नुसता फलक पुरत नाही.

विहिरीचे शुद्धीकरण

पुराचे पाणी विहिरीत शिरले की आधी जमेल तितका उपसा करावा. मग पाणी मोजावे: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × 785 म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे 70 ग्रॅम, ही नेहमीची मात्रा. पूर येऊन गेला असेल तर दुप्पट. पावडर बादलीत पाण्यात कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, तळाचा चुना मागे ठेवून वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यावी. ती दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हिसडे द्यावेत. चुना तसाच विहिरीत ओतला तर पाणी कठीण होते. एक तासानंतर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी) करावी. पिवळा रंग आला तरच पाणी वापरावे, नाही आला तर मात्रा पुन्हा द्यावी. सर्वांत जास्त फसगत जुन्या पावडरीने होते. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत काही आठवड्यांत निकामी होते, मोजमाप बरोबर असूनही पाणी अशुद्धच राहते. गावाच्या पाण्याचे शुद्धीकरण पाहणाऱ्या जलसुरक्षकाने ती झाकणबंद प्लास्टिकच्या पिंपात, सावलीत ठेवावी.

गाव आणि पाडे

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यातच असते, तरी पहिल्या काही तासांत पोहोचतात ते शेजारीच. त्यासाठी पोलीस पाटील आणि आशाताईंकडे एक वही हवी: अंथरुणाला खिळलेले, गरोदर, एकटे राहणारे आणि ऐकू न येणारे, प्रत्येकापुढे त्याला उचलून नेणाऱ्या दोघांची नावे. मोबाइलचा टॉवर बंद पडतो, म्हणून मंदिर-मशिदीच्या भोंग्याला बॅटरी आणि दवंडीची सोय ठेवावी.

नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांवर रस्ता हीच अडचण. पावसाळ्यात रुग्णाला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदाकाठी बोट-रुग्णवाहिकेपर्यंत. चार जण खांदा देणारे, चार बदलीला, असे आठ जण आधीच ठरलेले हवेत आणि झोळीचा बांबू व दोर जूनमध्येच तपासलेला. बाळंतपण जुलै ते सप्टेंबरमध्ये येणार असेल तर तारखेच्या निदान आठवडाभर आधी गरोदर बाईला दवाखान्याजवळ हलवावे. साप चावला तर पाय घट्ट आवळू नये, कापू नये, चोखू नये. तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू न देता त्याच झोळीतून न्यावे आणि सर्पविषावरचे प्रतिविष (इंजेक्शन) असलेल्या रुग्णालयात आधी फोन करून ते शिल्लक आहे का हे विचारावे.