प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घेण्याआधी त्यातली एक ओळ तपासा

सी भाषेच्या परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. आय या चलाची किंमत ५ आहे. पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनला ओळीनं तीन गोष्टी छापायला सांगितल्या: आय, आय++ आणि ++आय. पडद्यावर काय येईल? गाइडात उत्तर छापलेलं असतं: ७ ६ ६. खाली स्पष्टीकरण असतं की सी भाषा उजवीकडून डावीकडे मोजते. पदवीच्या पहिल्या वर्षाची आणि डिप्लोमाची मुलं हे पाठ करून जातात.

ते उत्तर चूक आहे. त्याच्या जागी दुसरे कुठलेही तीन आकडे लिहिले तरी ते बरोबर होणार नाही, कारण सी भाषेच्या नियमांप्रमाणे या प्रश्नाला उत्तरच नाही. हातातलं पुस्तक हे सांगतं की ठामपणे आकडे छापून मोकळं होतं, यावरून ते घ्यावं की परत फळीवर ठेवावं ते बऱ्याच अंशी ठरवता येतं. म्हणून आधी हा प्रश्न नीट उलगडू.

आय++ म्हणजे आधी जुनी किंमत द्या, मग चल एकानं वाढवा. ++आय म्हणजे आधी वाढवा, मग नवी किंमत द्या. इथवर सगळ्यांनाच येतं. गोंधळ होतो तो एकाच हाकेत चल वाचायचाही असतो आणि दोनदा बदलायचाही असतो तेव्हा. यातलं आधी काय करायचं?

उजवीकडून डावीकडे ही समजूत हवेतून आलेली नाही. प्रिंटएफला किती गोष्टी छापायच्या आहेत हे आधी माहीत नसतं. पहिल्या अवतरणातल्या, म्हणजे अवतरणचिन्हांत दिलेल्या छपाईच्या साच्यातल्या, टक्क्याच्या खुणा मोजून ते त्याला कळतं. त्यामुळे ते अवतरण ठरलेल्या जागी सापडलंच पाहिजे. जुन्या यंत्रांवर फंक्शनला द्यायच्या किमती स्टॅकवर, म्हणजे ताटांवर ताटं रचावीत तशा, एकावर एक ठेवल्या जात. शेवटची किंमत आधी ठेवली की पहिली आपोआप सगळ्यांत वर येते आणि प्रिंटएफला लगेच मिळते. टर्बो सी हा जुना कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, असंच करायचा. म्हणून तो आधी ++आय सोडवून ६ ठेवी, मग आय++ चे ६ ठेवून चल ७ करी, आणि शेवटी आय म्हणून ७ ठेवी. ७ ६ ६ चा जन्म हा असा आहे.

आता आजचं यंत्र घ्या. ६४ बिटांच्या लिनक्सवर पहिल्या सहा पूर्णांक किंवा पत्ता-स्वरूपाच्या किमती स्टॅकवर जातच नाहीत, त्या प्रोसेसरच्या सहा रजिस्टरांत ठेवल्या जातात. रजिस्टरं म्हणजे वेगवेगळे खण. कुठला आधी भरला यानं काही बिघडत नाही, म्हणून उजवीकडून सुरुवात करायचं कारणही उरलं नाही. डावीकडून निघालेला कंपायलर ५ ५ ७ देईल. तिसरा कंपायलर ‘++आय’च्या जागी आकडा न धरता ‘आय जिथं आहे ती जागा’ एवढंच टिपून ठेवील आणि सगळे बदल झाल्यावर ती जागा वाचील; मग ७ ६ ७ मिळू शकतं. यातला कुठलाही कंपायलर नियम मोडत नाही, कारण इथं नियमच नाही.

मानकात, म्हणजे सी भाषेच्या अधिकृत नियमावलीत, नेमकं काय आहे? फंक्शनला दिलेल्या किमती कुठल्या क्रमानं सोडवायच्या, हे सी भाषेनं मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. त्याशिवाय दुसरी, कडक अट आहे. सीक्वेन्स पॉइंट म्हणजे ‘इथवरचे सगळे बदल पूर्ण झालेच पाहिजेत’ असा टप्पा. अशा दोन टप्प्यांच्या मध्ये एकच चल दोनदा बदलायचा नाही. एकदा बदलणार असाल तर त्याची जुनी किंमत फक्त नवी किंमत काढण्यासाठीच वाचायची. अर्धविराम हा असा टप्पा आहे. ‘आणि’ या अर्थाचं दुहेरी चिन्हसुद्धा आहे. फंक्शनच्या कंसातला स्वल्पविराम मात्र नाही. तो दिसतो स्वल्पविराम-क्रियेसारखा, पण तिथं तो फक्त किमती वेगळ्या करतो. पुष्कळ पुस्तकं नेमकी इथं घसरतात.

अट मोडली की मानकाच्या भाषेत वर्तन ‘अनिश्चित’ होतं. याचा अर्थ दोन-तीन ठरलेल्या उत्तरांपैकी एक येईल असाही नाही. चांगला प्रोग्रॅमर असं लिहिणारच नाही असं गृहीत धरून कंपायलर कोड आटोपशीर करतो, ओळी पुढे-मागे करतो, अनावश्यक वाटलेला भाग काढूनही टाकतो. त्यामुळे तोच प्रोग्रॅम, तोच कंपायलर, फक्त वेग वाढवण्याचा पर्याय चालू केला आणि उत्तर बदललं, असं होऊ शकतं.

आपल्याकडे देवळात कौल लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या आणि उजवी आधी पडली की होकार धरायचा. कुठली पाकळी आधी सुटेल हे पाण्याचा थर, हवेतला ओलावा आणि पाकळीचं वजन ठरवतं. विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नसतो. ‘माझ्या संगणकावर ७ ६ ६ आलं, म्हणजे तेच बरोबर’ हा पुरावाही त्याच जातीचा आहे. प्रोग्रॅम चालला याचा अर्थ तो बरोबर आहे असा होत नाही, हे ज्या पुस्तकात शिकायला मिळत नाही त्यात बाकीचं कितीही असो, ते अपुरं आहे.

हे ताडून पाहायला फार काही लागत नाही. जीसीसी कंपायलरला हायफन, मोठा डब्ल्यू आणि त्याला जोडून ए-एल-एल असा पर्याय दिला की या ओळीवर तो इशारा देतो: आयवरची क्रिया अनिश्चित असू शकते. पुस्तकातला प्रत्येक प्रोग्रॅम हा पर्याय चालू ठेवूनच टंकावा. आणि ही सगळी अडचण सी आणि तिच्या घराण्याची आहे. जावामध्ये क्रम डावीकडून उजवीकडे असा पक्का बांधलेला आहे, तिथं हीच ओळ नेहमी ५ ५ ७ देते. पायथॉनमध्ये आय++ लिहिलं तर व्याकरणाची चूक दाखवली जाते. ++आय मात्र चालून जातं आणि काहीच वाढवत नाही, कारण तिथं ती नुसती दोन अधिक चिन्हं असतात. सीवरून पायथॉनकडे नेणारं पुस्तक हे सांगत नसेल तर विद्यार्थी न संपणाऱ्या लूपमध्ये अडकून बसतो.

पुस्तक पारखायला पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयासारखी जागा उत्तम. शांत बसून तीन-चार पुस्तकं शेजारी शेजारी उघडता येतात, दुकानात ती सवड मिळत नाही. आधी मुखपृष्ठ सोडून आतलं प्रकाशनाचं पान काढावं. तिथं पुनर्मुद्रण आणि आवृत्ती हे दोन शब्द वेगळे वाचावेत. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. मजकूर बदलला असेल तरच आवृत्ती बदलते. गेल्या वर्षीचं पुनर्मुद्रण असलेलं पुस्तक मजकुरानं पंचवीस वर्षांचं असू शकतं.

सीच्या पुस्तकात पहिलाच प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’नं सुरू होत असेल, कोनिओ ही फाइल जोडत असेल आणि शेवटी गेटसीएचनं पडदा धरून ठेवत असेल, तर लेखक डॉसच्या काळातल्या टर्बो सीवर बसला आहे. यात नुसत्या जुनेपणाची तक्रार नाही. त्या कंपायलरचा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम त्यावर ७ साठी ५,०४० असं बरोबर उत्तर देतो आणि ८ साठी ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ दाखवतो. पुस्तकात हे ‘असं होतं’ म्हणून दिलेलं असतं, तुमच्या लॅपटॉपवर तसं होत नाही, आणि नवशिक्याला वाटतं चूक आपलीच.

मग शेवटची सूची उघडावी आणि दोन शब्द शोधावेत. पहिला गेट्स. हे फंक्शन ओळ वाचतं, पण ती मावणार आहे का हे बघत नाही. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमनं याच भोकातून प्रवेश मिळवला होता: ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट ओतले. २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकलं आहे. ते वापरणारं पुस्तक इतिहास म्हणून वाचावं, शिकायला घेऊ नये.

दुसरा शब्द एफईओएफ. ‘फाइल संपली नाही तोवर वाच आणि छाप’ असा लूप कित्येक पुस्तकांत सापडतो आणि शेवटची ओळ दोनदा छापतो. फाइल संपल्याची खूण शेवटची ओळ वाचल्यावर उठत नाही, त्यापुढचं वाचन फसल्यावर उठते. तोवर जुनीच ओळ हातात राहिलेली असते आणि ती पुन्हा छापली जाते. बरोबर रीत म्हणजे वाचणाऱ्या फंक्शननं काय परत दिलं ते तपासून लूप चालवणं.

पायथॉनचं काम सोपं आहे. प्रिंटपुढे कंस नसला किंवा ३ भागिले २ चं उत्तर १ दिलेलं असलं की पुस्तक पायथॉन २ चं. त्या शाखेची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. जावाच्या पुस्तकात ॲप्लेटवर मोठं प्रकरण असेल आणि २०१४ च्या आठव्या आवृत्तीत आलेल्या लॅम्डाचा पत्ता नसेल, तर पुढचं बघावं. जावास्क्रिप्टमध्ये चल जाहीर करायला सगळीकडे व्हार आणि लेट कुठंच नाही, तर मजकूर २०१५ च्या आधीचा.

मुखपृष्ठावरच्या ‘एकवीस दिवसांत’, ‘चोवीस तासांत’ अशा घोषणांना काही आधार नसतो. एआय कोड लिहून देतं, मग पुस्तक कशाला, असंही आता ऐकू येतं. एआयनं दिलेल्या लूपमध्ये शेवटची ओळ दोनदा छापली जाणार आहे हे ओळखायला तुम्हाला नियम माहीत हवा, आणि तो क्रमानं, कारणांसकट शिकवायचं काम अजून तरी चांगलं पुस्तकच नीट करतं.

सराव-प्रश्नांकडे मात्र बारकाईनं पाहावं. एका प्रकरणाखाली वीस प्रश्न असतील आणि त्यातले पंधरा ‘आउटपुट ओळखा’ असतील, तर ते परीक्षेचं गाइड आहे. ‘दिलेल्या पावसाच्या नोंदींतून सर्वांत ओला महिना काढा’ असे, रिकाम्या पानापासून लिहायला लावणारे निदान सात-आठ प्रश्न हवेत. मधल्याच एखाद्या प्रकरणातला प्रोग्रॅम निवडून टंकून पाहावा, पहिल्यातला नको. पहिला सगळ्यांचाच चालतो.

राहता राहिलं शुद्धिपत्र. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सुरू झाला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला, आणि त्याच्या शेवटी पानंच्या पानं भरतील एवढ्या चुकांची यादी आहे. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात एक निसटलेला अर्धविराम नवशिक्याची अख्खी संध्याकाळ खातो. म्हणून प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पुस्तकाचं शुद्धिपत्र आहे का ते विकत घेण्याआधी पाहावं. यादी लांब असली तर घाबरू नये, ती ठेवणारा लेखक वाचकांची पत्रं वाचतो असा त्याचा अर्थ. आपल्या आवृत्तीच्या नोंदी त्यातून वेगळ्या काढाव्यात, आणि पहिलं प्रकरण सुरू करण्याआधी त्या सगळ्या पेन्सिलीनं त्या त्या पानावर उतरवून घ्याव्यात.