‘कऱ्हाड’ टाकले, मेल सापडेना

‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवला जातो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या तऱ्हेत ‘ऱ’ हे युनिकोडमधले, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातले, एकच स्वतंत्र अक्षर असते. दुसरीत साधा ‘र’ आणि त्याच्यामागोमाग नुक्ता (अक्षराखालचे टिंब), अशी दोन चिन्हे येतात. तिसरीत ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. यातले काय उमटेल ते कीबोर्डवर अवलंबून. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधीच तजवीज केलेली नसेल, तर त्याच्या लेखी मात्र हे तीन निरनिराळे शब्द आहेत. मग मेल फोल्डरमध्ये पडलेली असूनही उत्तर येते, ‘काहीही सापडले नाही.’

मेलमधला शोध सुधारायचा म्हटले की बहुतेकांच्या मनात वेग येतो. माझ्या मते खरी अडचण वेगाच्या आधीची आहे: शब्द कशाला म्हणायचे, हे प्रोग्रॅमला कोणी आणि कसे शिकवले? हे बघायला थंडरबर्डसारखा मुक्तस्रोत मेल प्रोग्रॅम उत्तम, कारण त्याचा कोड कोणीही उघडून वाचू शकतो.

थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्याची जुनी आणि आजही रूढ असलेली पद्धत म्हणजे एका फोल्डरमधले सगळे मेल एकाखाली एक लिहिलेली एकच लांबलचक फाइल. सोबत एक छोटी सारांश-फाइल असते आणि तिच्यात पाठवणारा, विषय, तारीख एवढेच. म्हणून विषयातला शब्द चटकन मिळतो. मजकुरातला शब्द हवा असेल आणि कोणता शब्द कोणत्या मेलमध्ये आहे याची सूची आधीच तयार नसेल, तर ती लांबलचक फाइल पहिल्यापासून वाचत जावी लागते.

नुसते वाचूनही भागत नाही. मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरांपुरती बांधलेली. त्यामुळे मराठी मजकूर बरेचदा बेस६४ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरे, आकडे आणि एकदोन चिन्हांत बदलून पाठवला जातो. ‘घर’ या शब्दाची संगणकात सहा बाइट होतात आणि बेस६४ मध्ये त्यांचे रूप होते ‘४केएसवाय४केएसडब्ल्यू’, म्हणजे आठ चिन्हे. मग हीच आठ चिन्हे फाइलमध्ये शोधली तर? तेही जमत नाही. बेस६४ तीन-तीन बाइटचे गट पाडते. ‘घर’च्या आधी एक मोकळी जागा आली तरी गट सरकतात आणि त्याच शब्दाची चिन्हे पार बदलतात. प्रत्येक मेल आधी उलगडायचा, मग त्यात शोधायचे, याला पर्याय नाही. हे काम शोधाच्या दर वेळी करण्याऐवजी एकदाच करून ठेवावे, हा सूचीमागचा विचार.

डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या थंडरबर्ड ३ मध्ये अशी सूची आली. तिचे घरगुती नाव ग्लोडा. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते आणि शब्दापुढे पानांचे आकडे असतात, तसे इथे प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या मेलमध्ये आहे याची नोंद असते. ही नोंद एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये राहते. मजकुराचे तुकडे करून शब्द वेगळे काढणाऱ्या भागाला टोकनायझर म्हणतात आणि शोधाची सगळी गुणवत्ता तिथे ठरते. थंडरबर्डने स्वतःचा टोकनायझर बनवला. इंग्रजीसाठी त्यात मार्टिन पोर्टर यांची १९८० सालची रीत आहे. ‘कनेक्टेड’, ‘कनेक्टिंग’, ‘कनेक्शन’ यांची शेपटे छाटून सगळे ‘कनेक्ट’खाली नोंदवायचे. चिनी-जपानी मजकुरात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून तिथे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करतात.

आणि आपली अक्षरे? खुद्द एसक्यूलाइटच्या नव्या शोध-विभागात, एफटीएस५ मध्ये, काहीच सांगितले नाही तर युनिकोड६१ नावाचा टोकनायझर लागू होतो. तो अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो, बाकी सगळ्यांना विरामचिन्हांसारखे शब्द तोडणारे. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे ‘अक्षर’ नाहीत, ते ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात मोडतात. परिणाम असा की ‘पावती’चे ‘प’ आणि ‘वत’ असे दोन तुकडे पडतात. श्रावणातल्या ‘पोवते’चेही तेच दोन तुकडे! पावती शोधायला गेलात की पोवतेही हजर. चिन्हांचे दोन वर्गही शब्दात धरा, एवढे एका ओळीत सांगितले की हा घोळ मिटतो. ती सोय एसक्यूलाइटमध्येच आहे. थंडरबर्डचा टोकनायझर वेगळा असला तरी एसक्यूलाइट असंख्य ॲपमध्ये आहे, आणि ही एक ओळ लिहायची असते हे देवनागरी न वापरणाऱ्या प्रोग्रॅमरला सुचणार कसे?

‘कऱ्हाड’चे दुखणे याहून थोडे खोल आहे. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन तऱ्हा एकसारख्या करते. तिसरीतले न दिसणारे जोडचिन्ह मात्र ते तसेच ठेवते. तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, सूची करताना आणि शोधशब्द घेतानाही. एकाच बाजूला लिहिला तर उपयोग शून्य.

त्यानंतर विभक्ती. ‘घर’ टाकल्यावर ‘घरात’, ‘घराला’, ‘घरांमध्ये’ मिळावे असे वाटते. सुरुवातीची अक्षरे जुळवली तरी एवढे साधते, पण ‘पाऊस’ टाकून ‘पावसात’ त्या वाटेने मिळत नाही, सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. पोर्टरसारखी प्रत्यय छाटण्याची रीत मराठीला लावली तर ‘घरात’चा कान्यासकट ‘त’ जाईल हे चांगलेच, पण ‘वरात’चाही जाईल आणि लग्नाच्या मेलऐवजी ‘वर’ हा शब्द असलेले सगळे मेल पुढ्यात येतील. मला वाटते, मूळ रूप आणि छाटलेले रूप दोन्ही सूचीत ठेवावीत आणि जसेच्या तसे जुळणाऱ्याला वरचा क्रमांक द्यावा. सूची फुगेल, पण चालेल.

क्रमाचा विचार ग्लोडात आहेच. मजकुरातल्या शब्दाचे वजन १ धरले तर विषयातल्या शब्दाचे २. तारांकित मेल आणि ताजे मेल यांनाही झुकते माप मिळते.

तुमच्याकडे मजकुरातले शब्द मिळतच नसतील तर आधी दोन गोष्टी तपासा. मेल सर्व्हरवरच असून संगणकावर उतरवून ठेवलेले नसतील, तर मजकूर सूचीत जात नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये मेल या संगणकावर ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. सूचीच बिघडली असेल तर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलमधली (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग ठेवतो त्या फोल्डरमधली) ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ ही फाइल काढून टाका. पुढच्या वेळी ती नव्याने बनते, मेलला धक्का लागत नाही. मेल हजारोंनी असतील तर या कामाला वेळ द्यावा लागतो. आणि मेलच्या यादीच्या वर दिसणारी झटपट गाळणी (क्विक फिल्टर) फक्त उघड्या फोल्डरमध्ये बघते, सगळ्या खात्यांत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एवढे करूनही मराठी शब्द हुकत असेल तर तो बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक आहे आणि तो कळवायला प्रोग्रॅमर असावे लागत नाही. थंडरबर्डमागच्या मोझिलाच्या बगझिला या चुका नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंद करताना ‘मराठीत शोध चालत नाही’ एवढ्याने काम होत नाही. स्वतःला पाठवलेला एक छोटा मेल जोडावा, त्यात खासगी काही नको. ‘कऱ्हाड’ तिन्ही तऱ्हांनी लिहावे, प्रत्येकाचे युनिकोड क्रमांक द्यावेत, काय शोधले, काय मिळाले, काय मिळायला हवे होते ते सांगावे. असा नमुना हाती असला की दुरुस्तीसोबत त्याची आपोआप चालणारी चाचणीही कोडमध्ये घालता येते, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत कोणाच्या बदलाने ‘ऱ’ पुन्हा हरवला तर ती चाचणी तिथल्या तिथे नापास होते.