घडू शकेल आणि खरे वाटेल: तेलटंचाईच्या थरारक कादंबरीवरचे दोन निराळे अभिप्राय

तेलाचा पुरवठा एकाएकी थांबतो आणि आठवड्याभरात शहरे कोलमडून पडतात, अशा कथानकाची थरारक कादंबरी वाचून झाल्यावर वाचकांचे साधारणपणे दोन तट पडतात. एक म्हणतो, "असे कधीच होणार नाही, फार ताणले आहे." दुसरा म्हणतो, "अगदी असेच होईल, माझी तर झोप उडाली." दोघांचा वाद एकाच प्रश्नावर चालला आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्यांचे प्रश्नच वेगळे असतात. पहिला जगाबद्दल बोलत असतो: तेल खरोखर तुटले तर घटना या क्रमाने आणि या वेगाने घडतील का? याला संभवनीयता म्हणू. दुसरा वाचनाच्या अनुभवाबद्दल बोलत असतो: वाचताना हे सारे खरे वाटले का? हा प्रत्यय. घोटाळा होतो तो प्रत्यय आला की संभवनीयतेची ग्वाही दिली जाते आणि प्रत्यय आला नाही की "हे अशक्य आहे" असा निकाल दिला जातो म्हणून.

संभवनीयता तपासायची तर पुस्तक मिटावे लागते आणि राखीव साठे, पाइपलाइनी, शुद्धीकरण कारखाने व पूर्वी येऊन गेलेल्या टंचाया यांच्याकडे वळावे लागते. प्रत्यय तपासायचा तर पुस्तकाच्या आतच राहावे लागते आणि लेखकाने सुरुवातीला घालून दिलेले नियम पुढे स्वतः पाळले का, घाबरलेला माणूस घाबरल्यासारखा वागतो का, एवढेच पाहायचे असते. काव्यात न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी, असे अॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. समीक्षेला हा भेद जुना आहे; तेलासारखा रोजच्या वापरातला विषय आला की मात्र तो पटकन विसरला जातो.

त्याचे कारण मानसशास्त्रात सापडते. १९८२ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या भविष्यवेधविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी व्यावसायिक विश्लेषकांचे दोन गट केले. एका गटाला विचारले, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे राजनैतिक संबंध पुढच्या वर्षी पूर्णपणे तुटण्याची शक्यता किती? दुसऱ्याला विचारले, सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरतील आणि त्यानंतर हे संबंध तुटतील, याची शक्यता किती? दोन घटना एकत्र घडण्याची शक्यता त्यांतल्या एकट्या घटनेपेक्षा जास्त असूच शकत नाही, हे साधे गणित आहे. तरीही दुसऱ्या गटाने दिलेला अंदाज पहिल्यापेक्षा मोठा निघाला. पोलंडमुळे प्रसंगाला कारण मिळाले, कारणामुळे चित्र उभे राहिले आणि चित्र उभे राहिल्यामुळे ते संभवनीय वाटले. थरारक कादंबरी नेमके हेच करते. बंदरातला स्फोट, मग बाजारातली घबराट, मग कोरडे पंप, मग रिकामी दुकाने, अशी एकेक कडी जोडली की प्रत्यय वाढत जातो आणि ती संपूर्ण साखळी जशीच्या तशी घडण्याची शक्यता त्याच प्रमाणात घटत जाते. "किती बारकाईने लिहिले आहे, म्हणूनच भीती वाटते," असा अभिप्राय देणारा वाचक आपल्या अनुभवाचे अचूक वर्णन करत असतो. जगाविषयी मात्र त्याने अजून काहीच सिद्ध केलेले नसते.

आता कादंबरीतले नेहमीचे प्रसंग या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहिले तर निष्कर्ष अनेकदा वाचकांच्या अभिप्रायाच्या उलट निघतात.

पंप दोन-तीन दिवसांत कोरडे पडतात, हा प्रसंग पुष्कळांना अतिरंजित वाटतो. पण तो घडून गेला आहे, आणि तोही कच्च्या तेलाचा तुटवडा नसताना. सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये इंधनावरील कराविरुद्ध शेतकरी आणि मालवाहतूकदार यांनी स्टॅनलो येथील शुद्धीकरण कारखान्यापासून अडवणूक सुरू केली. कारखान्यांत इंधन होते, बाहेर टँकर निघत नव्हते. काही दिवसांतच देशातले बहुसंख्य पंप बंद पडले, सार्वजनिक आरोग्यसेवेला सर्वोच्च सज्जतेचा इशारा द्यावा लागला आणि काही दुकानांनी पाव-दुधासारख्या वस्तूंच्या खरेदीवर मर्यादा घातली. मे २०२१ मध्ये अमेरिकेत खंडणीखोर सायबर हल्ल्यानंतर कलोनियल पाइपलाइन कंपनीने स्वतःच वाहिनी थांबवली. पूर्व किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के तिच्यातून जात असे. वाहिनी पाच-सहा दिवसच बंद होती, पण लोकांनी हाती लागेल त्या भांड्यात पेट्रोल भरायला सुरुवात केली आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असे तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाला जाहीरपणे सांगावे लागले. हे वाक्य एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने कदाचित खोडले असते.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा, एका गाडीची टाकी चाळीस लिटरची आहे, ती सरासरी अर्धी भरलेली असते आणि गाडी दिवसाला तीन लिटर खाते. अफवा पसरताच प्रत्येक चालकाने टाकी भरून घ्यायची ठरवली, तर प्रत्येकाला वीस लिटर लागतात. म्हणजे त्या एका दिवसाची मागणी नेहमीच्या सुमारे सातपट होते. पुरवठा शंभर टक्के चालू असला तरी पंप हे पेलू शकत नाही. तेव्हा "दोन दिवसांत पंप रिकामे? पटत नाही," असे म्हणणारा वाचक संभवनीयतेच्या बाजूने चुकतो. प्रत्ययाच्या बाजूने मात्र त्याची तक्रार खरी असू शकते, कारण लेखकाने गर्दी दाखवली पण गर्दी का झाली हे दाखवलेच नसेल तर ते त्याला कोठून पटावे?

विजेचे याच्या नेमके उलट आहे. तेल थांबले आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शहर अंधारात बुडाले, हा प्रसंग जवळजवळ सगळे वाचक विनातक्रार स्वीकारतात, कारण अंधार हा भयकथेचा जुना सोबती आहे. परंतु जगातल्या एकूण विजेपैकी तेलापासून तयार होणारी वीज सुमारे ३ टक्केच असते. बाकी कोळसा, वायू, पाणी, अणुऊर्जा, वारा आणि ऊन यांवर चालते. काही बेटे आणि तेलउत्पादक देश वगळले तर तेलाची टंचाई दिवे थेट विझवत नाही. कोळसा वाहणाऱ्या डिझेलगाड्या थांबणे, कर्मचारी कामावर न पोहोचणे, सुटे भाग न मिळणे अशा आडवाटांनी ती विजेपर्यंत पोहोचू शकते, पण त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात प्रशासन प्राधान्यक्रम ठरवू शकते. प्रत्यय पुरेपूर आणि संभवनीयता तोकडी, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

सर्वांत जास्त मतभेद होतात ते माणसांच्या वागण्यावरून. चौथ्या दिवशी शेजारी शेजाऱ्याच्या दारावर कुऱ्हाड घेऊन येतो, हे वाचून अनेकजण "माणूस हा असाच आहे" अशी मान डोलावतात. ओहायो राज्य विद्यापीठात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या आपत्ती संशोधन केंद्राने भूकंप, पूर, वादळे यांनंतर लोक कसे वागतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला. बेभान पळापळ आणि सरसकट लुटालूट समजली जाते त्यापेक्षा विरळ असते आणि पहिली मदत बहुधा शेजाऱ्यांकडूनच मिळते, असे त्यातून वारंवार दिसले. अर्थात भूकंप एकदा होऊन थांबतो, टंचाई रोज थोडी थोडी वाढते. त्यामुळे हे निष्कर्ष तेलाला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

दीर्घ टंचाईचे उदाहरण हवे असेल तर क्यूबाकडे पाहावे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि क्यूबाला मिळणारे स्वस्त तेल आटले. ट्रॅक्टरांच्या जागी बैल आले, चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आल्या, लोकांची वजने उतरली, अपुऱ्या पोषणाशी जोडल्या गेलेल्या मज्जाविकाराने सुमारे ५०,००० लोकांना ग्रासले आणि ऑगस्ट १९९४ मध्ये हवानाच्या रस्त्यांवर उद्रेकही झाला. राज्य मात्र टिकले, शिधावाटप टिकले. भोगलेले हाल कमी नव्हते. ते थरारकथेच्या घड्याळात बसणारे नव्हते, एवढेच. सायकल दामटत कामावर जाणारा उपाशी माणूस तीनशे पानांचा वेग कसा सांभाळणार? म्हणून लेखक वर्षांचे दिवस करतो. काळाचा हा संक्षेप प्रत्ययासाठी केलेला असतो आणि "इतक्या लवकर?" हा आक्षेप संभवनीयतेचा असतो, तेव्हा दोघांची गाठच पडत नाही.

"सरकारी साठे कुठे गेले?" हा आक्षेप मात्र दोन्ही कसोट्यांना एकदम लागू पडतो. अरब तेलउत्पादकांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये निर्यातबंदी घातली, तेव्हा पिंपाचा दर सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत जवळपास १२ डॉलरवर गेला. त्या धड्यानंतर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली आणि आयातदार सदस्य देशांवर निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवण्याचे बंधन आले. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलप्रक्रिया केंद्रावरच्या हल्ल्याने दिवसाला ५७ लाख पिंपांचे उत्पादन, म्हणजे जगाच्या पुरवठ्याचा सुमारे ५ टक्के भाग, एका फटक्यात थांबला. काही आठवड्यांत तो पूर्ववत झाला. एवढे सगळे बाजूला ठेवून कोसळण्याची कथा सांगायची तर लेखकाला उत्तर द्यावेच लागते: साठे आहेत पण पोहोचवता येत नाहीत, किंवा ते लष्करासाठी राखले गेले, काहीही. ते दोन ओळींत आले तरी चालते. उत्तरच नसेल तर जाणकार वाचकाचा प्रत्ययही तुटतो, कारण लेखकाने प्रश्न ऐकलाच नाही असे त्याला वाटते.

पात्रे मूर्खासारखी वागतात, योगायोग फार आहेत, कट रचणारी गुप्त मंडळी सर्वज्ञ आहेत, या तक्रारी निव्वळ प्रत्ययाच्या आहेत. त्यांना तेलाचे आकडे देऊन उत्तर देता येत नाही.

शेवटच्या प्रकरणावरचा अभिप्राय मात्र सावधपणे वाचावा. "इतके सगळे कोसळले आणि दहा पानांत सावरले," अशी तक्रार या प्रकारच्या कादंबऱ्यांवर हमखास होते. कादंबरीत रक्तपात झाला असेल आणि त्याचे ओरखडे दिसत नसतील, तर तक्रार रास्त आहे. पण केवळ वेगाबद्दल असेल तर ब्रिटनमधली ती अडवणूक आठवडाभरात उठली होती आणि त्यानंतर टँकर पुन्हा पंपांकडे निघाले होते. क्यूबाचे सावरणे मात्र अनेक वर्षे रेंगाळले.