बीपीकेएन आणि बीपीएसके: इंडोनेशियातल्या ग्राहकानं जायचं कुठे?

इंडोनेशियाच्या ग्राहक कायद्यावर काहीही वाचायला घेतलं की दोन आद्याक्षरी नावं समोर येतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. बीपीकेएन म्हणजे राष्ट्रीय ग्राहक संरक्षण मंडळ. बीपीएसके म्हणजे ग्राहक तंटा निवारण मंडळ. दोन्ही एकाच कायद्यातून जन्मलेली, १९९९ च्या कायदा क्रमांक ८ मधून. सुहार्तो पायउतार होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हबीबी राष्ट्राध्यक्ष होते. कायदा लागू झाला एप्रिल २००० मध्ये. तक्रारी दोन्हीकडे घेतात, म्हणून घोळ आणखी वाढतो. पण निकाल फक्त बीपीएसके देतं, आणि तो अमलात आणणं मात्र त्याच्याही हातात नाही.

बीपीकेएनचं आधी उरकून टाकू. कार्यालय जकार्तात, सदस्य १५ ते २५, नेमणूक राष्ट्राध्यक्षांकडून, मुदत तीन वर्षांची. काम म्हणजे ग्राहक धोरणावर सरकारला सल्ला देणं, अभ्यास करणं, शिफारशी पाठवणं. आपल्याकडचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला दंड ठोठावू शकतं. बीपीकेएनला तेवढेही दात नाहीत. तुमची तक्रार ऐकून घेतील, संबंधित खात्याकडे धाडतील, पत्रकार परिषदही घेतील. दुकानदाराला एक रुपिया परत द्यायला लावणं त्यांच्या अखत्यारीत नाही. टीव्हीवर मात्र हेच मंडळ जास्त दिसतं, त्यामुळे लोकांना वाटतं खरी ताकद इथेच आहे.

खरा मामला बीपीएसकेचा. हे मंडळ जिल्हा-शहर पातळीवरचं. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं मेदान, बांडुंग, सुराबाया, मकास्सार अशा दहा शहरांत ते पहिल्यांदा स्थापन झालं. सरकार, ग्राहक आणि व्यापारी या तिन्ही बाजूंचे प्रत्येकी तीन ते पाच सदस्य. तक्रार तोंडी दिली तरी चालते. निकाल २१ कामकाजी दिवसांत द्यायचा. शिवाय नुकसानभरपाईच्या दाव्यात चूक आपली नव्हती हे उत्पादकानंच सिद्ध करायचं, असं कायद्याचं कलम २८ सांगतं. कागदावर हे सगळं आपल्या जिल्हा ग्राहक आयोगापेक्षाही सुटसुटीत वाटतं.

पण पहिलीच मेख अशी की समेट, मध्यस्थी की लवाद, यातला मार्ग दोन्ही बाजूंनी मिळून निवडायचा. व्यापारी ‘मला यातलं काहीच नको’ म्हणाला की गाडी तिथेच थांबते. आला नाही तर मंडळ तपास अधिकाऱ्यांची मदत मागू शकतं, स्वतः त्याला खेचून आणू शकत नाही.

समजा, लवादाचा निकाल लागला. कलम ५४ म्हणतं की तो अंतिम आणि बंधनकारक. आणि कलम ५६ म्हणतं की हरलेल्या पक्षाला १४ कामकाजी दिवसांत जिल्हा न्यायालयात हरकत घेता येईल! तिथेही समाधान झालं नाही तर सर्वोच्च न्यायालय आहेच. म्हणजे ‘अंतिम’ निकालाला दोन वरचे जिने. सर्वोच्च न्यायालयाला २००६ मध्ये या हरकतींसाठी वेगळी नियमावली काढावी लागली, तरी मूळ विसंगती जागच्या जागी आहे. एका महिन्यात मिटायचं भांडण मग वर्ष-दोन वर्षं रेंगाळलं तर नवल नाही, आणि वकिलाचा खर्च कंपनीला परवडतो, मोबाइलच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाला नाही.

कोणी हरकत घेतलीच नाही, तरी पैसे हातात पडतील असं नाही. निकालाची अंमलबजावणी करून घ्यायला ग्राहकानं जिल्हा न्यायालयाचा आदेश आणायचा. इंडोनेशियात न्यायालयाच्या निकालपत्रावर सगळ्यात वर एक ओळ असते: ‘एकमेव परमेश्वराला स्मरून, न्यायासाठी’. या ओळीमुळेच कागदाला जप्तीची ताकद येते. १९९९ च्या कायद्यानं बीपीएसकेच्या निकालावर ही ओळ घालायची तरतूदच केली नाही. त्यामुळे असा निकाल घेऊन गेलेल्या ग्राहकाला न्यायालयातून हात हलवत परत यावं लागण्याची वेळ आली. माझ्या मते सगळ्या कायद्यातली सगळ्यात महागडी चूक हीच.

कर्जाच्या प्रकरणांत आणखी वेगळी पंचाईत. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीनं मोटारसायकल उचलून नेली, की लोक बीपीएसकेकडे धावत. सर्वोच्च न्यायालयानं अशा बऱ्याच निकालांवर पाणी फिरवलं: हा करारभंग आहे, ग्राहक तंटा नव्हे. आता वित्तीय तंट्यांसाठी २०२१ पासून वेगळी यंत्रणा आहे. त्यात २०१४ च्या स्थानिक शासन कायद्यानं ग्राहक संरक्षणाचं काम जिल्ह्यांकडून प्रांतांकडे नेलं आणि पैशाची जबाबदारीही हलली. काही ठिकाणी मंडळाच्या दारावर पाटी राहिली, आत निधी नाही.

अंमलबजावणीची अवस्था बघायची तर पार्किंगची पावती घ्या. ‘वाहन हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही आपण खिशात घालून फिरतो. इंडोनेशियाच्या कायद्याचं कलम १८ अशी जबाबदारी झटकणारी छापील अट सरळ रद्दबातल ठरवतं. ती छापणं हा गुन्हा आहे. कमाल शिक्षा पाच वर्षं कैद किंवा दोन अब्ज रुपिया दंड. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरविचार अर्जावर चोरीला गेलेल्या गाडीच्या मालकाच्या बाजूनं कौल दिला. तरी ते वाक्य पावत्यांवरून हटलं नाही. हटवणार कोण? बीपीकेएन शिफारस करेल. बीपीएसकेला छापील अटींवर देखरेखीचा अधिकार आहे, पण गुन्हा नोंदवायला शेवटी तपास यंत्रणाच लागते.

कायद्याच्या मसुद्यातही फटी आहेत. कलम १९ नुसार भरपाई व्यवहाराच्या तारखेपासून सात दिवसांत द्यायची. आज विकत घेतलेल्या डब्यातल्या माशानं दहाव्या दिवशी विषबाधा झाली तर? मुदत तर संपलेली. नुकसान कळल्यापासून सात दिवस, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

या दोन मंडळांच्या मर्यादा एकदम दिसल्या त्या २०२२ मध्ये. इथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं सिरप प्यायल्यानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, दोनशेहून अधिक मुलं दगावली. (मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच कुळातल्या रसायनानं रुग्ण गेले होते.) बीपीकेएननं सत्यशोधन पथक नेमलं, सरकारी खात्यांमधला विस्कळीतपणा दाखवून दिला, शिफारशी केल्या. आदेश देता येत नव्हता. बीपीएसकेकडे जाऊन उपयोग नव्हता. दुकानदार-गिऱ्हाईक तंट्यासाठी बांधलेली ती यंत्रणा औषध नियामकाची चूक ठरवणार कशी? शेवटी पालकांनी मध्य जकार्ता जिल्हा न्यायालयात सामूहिक दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल आला: दगावलेल्या मुलामागे पाच कोटी रुपिया, म्हणजे आपले सुमारे पावणेतीन लाख रुपये. ते द्यायचे औषध कंपनीनं आणि तिला रसायन पुरवणाऱ्यानं. आरोग्य मंत्रालय आणि अन्न-औषध नियामक यांच्यावर न्यायालयानं जबाबदारी टाकली नाही.