मनाची ताकद त्वचेपाशी थांबते

दहा फुटांवर उभे असलेले गुरुजी नुसता हात हलवतात आणि अंगावर धावून आलेले सहा-सात धडधाकट शिष्य वाऱ्याने पाचोळा उडावा तसे मागे कोसळतात. असा व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी पाठवतंच. सोबत प्रश्न असतो, 'यामागे काही विज्ञान आहे का हो?' आहे की. फक्त ते पाडणाऱ्याकडे कमी आणि पडणाऱ्यांकडे जास्त आहे.

जपानमधले यानागी ऱ्युकेन असेच स्पर्शाविना शिष्यांना लोळवण्यासाठी प्रसिद्ध होते. २००६ साली ते मिश्र मार्शल आर्ट्समधल्या एका लढवय्यासमोर उभे राहिले. हा गडी त्यांचा शिष्य नव्हता, त्यामुळे आपण इथे पडायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो सरळ चालत आला आणि ठोसे मारू लागला. लढत फार वेळ चालली नाही.

'मानसिक ऊर्जा' हा शब्द इथे नेहमी वापरला जातो, तेव्हा ऊर्जेचा हिशेब करून टाकू. साठ किलोच्या माणसाला सेकंदाला एक मीटर या वेगाने मागे ढकलायला ३० ज्यूल लागतात. आपला मेंदू सेकंदाला साधारण २० ज्यूल खर्च करतो. म्हणजे ऊर्जा कमी पडते असं नाहीच! अडचण आहे ती वाटेची. मेंदूची जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन रक्तावाटे निघून जाते. डोक्याबाहेर जे चुंबकीय क्षेत्र जाणवतं ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, आणि ते मोजायलाही खास कवच असलेली खोली लागते. त्याने होकायंत्राची सुई हलत नाही, तर माणूस काय हलणार? (यावर 'पण क्वांटम...' असं कोणी म्हणालं, की मी विषय बदलतो.)

पण एवढ्यावरून 'मनाचा मार्शल आर्टशी काही संबंध नाही' असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

१९९२ साली ग्वांग यू आणि केली कोल या संशोधकांनी करंगळीवर एक प्रयोग केला. एका गटाने चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, करंगळी बाजूला रेटण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने तोच व्यायाम फक्त मनात केला. बोट स्थिर, स्नायू शांत. खरा व्यायाम करणाऱ्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. मनात करणाऱ्यांची वाढली २२ टक्क्यांनी! काहीच न करणाऱ्या गटात वाढ होती चार टक्क्यांच्या आत. ज्या हाताने काहीच केलं नव्हतं, त्या दुसऱ्या हाताच्या करंगळीचीही ताकद दोन्ही गटांत थोडी वाढली होती.

स्नायूने काम केलंच नाही तर ताकद आली कुठून? इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण या सगळ्या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे.

स्नायू म्हणजे दोरखंड नव्हे, तुकड्या-तुकड्यांची फौज. मेरूरज्जूतली एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या हुकमाखाली असलेले स्नायुतंतू मिळून एक तुकडी बनते. तिला मोटर युनिट म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तुकडीत जेमतेम दहा-वीस तंतू असतात, पोटरीत हजारावर. तुकड्यांना बोलावण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी लहान, मग मोठ्या. हा नियम एलवुड हेनमन यांनी मांडला. त्यामुळे नवशिक्याने कितीही जोर लावला तरी सर्वांत बलदंड तुकड्या शेवटी येतात, आणि अनेकदा पुरेशा वेगाने कामाला लागतच नाहीत.

वेगाने म्हणजे काय? चेतापेशी एक संदेश पाठवते तेव्हा तंतू एक छोटा झटका देतात आणि सैल पडतात. सैल पडण्याआधी दुसरा संदेश आला तर दुसरा झटका पहिल्यावर चढतो. सेकंदाला तीस-चाळीस संदेश आले की झटके एकात एक मिसळून सलग ताण तयार होतो. पण ठोशाला सलग ताणाची चैन परवडत नाही, त्याचं सगळं आयुष्यच सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं. तिथे कामी येते ती जोडगोळी. सुरुवातीलाच काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन संदेश सुटतात आणि ताण एकदम उसळतो. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी घोट्याच्या स्नायूला बारा आठवडे झटपट आकुंचनाचा सराव दिला. आधी सुमारे ५ टक्के मोटर युनिट्स अशी जोडगोळी सोडत होती, नंतर ३३ टक्के सोडू लागली. ताकदीचा हा हिस्सा दंडाच्या घेरात दिसत नाही, कारण तो चेतासंस्थेत बसलेला असतो. मनातल्या मनात व्यायाम करताना मेंदूतले हालचाल आखणारे भाग खऱ्या हालचालीसारखेच जागे होतात. आज्ञा घडवण्याचा सराव होतो, फक्त ती शेवटच्या दारापाशी अडवली जाते.

वाचक अजून सोबत असतील तर कराटेकडे येऊ. २०१२ साली लंडनमधल्या संशोधकांनी बारा ब्लॅक बेल्टधारी आणि बारा नवख्या लोकांना फक्त पाच सेंटीमीटर अंतरावरून ठोसा मारायला सांगितलं. ब्लॅक बेल्टवाल्यांचा ठोसा जास्त जोरदार पडला, पण फरक स्नायूंच्या ताकदीतून आलेला नव्हता. खांदा आणि मनगट यांचा वेग कोणत्या क्षणी शिगेला पोचतो, त्या मेळावर तो अवलंबून होता. हा मेळ जितका पक्का, तितका अनुमस्तिष्काकडून (म्हणजे हालचालींचा मेळ घालणाऱ्या, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाकडून) निघणाऱ्या चेतातंतूंच्या रचनेत फरक दिसला. जुने शिक्षक ज्याला 'की' किंवा 'ची', म्हणजे शरीरातली प्राणशक्ती, म्हणत आले, त्यातला बराच भाग हा मेळच असावा असं माझं मत आहे. शब्द चुकीचा असेल, पण अनुभव खरा होता.

आयकिडो या जपानी मार्शल आर्टमधला 'न वाकणारा हात' घ्या. मूठ आवळून हात ताठ धरला की समोरचा तो सहज वाकवतो. 'बोटांतून पाण्याचा झोत दूर जातोय' अशी कल्पना केली की तोच हात वाकता वाकत नाही. चमत्कार वाटतो, पण पहिल्या वेळी आपण बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) आणि ट्रायसेप्स (हात सरळ करणारा मागचा स्नायू) दोन्ही आवळतो, आणि बायसेप्सचं कामच हात वाकवणं! म्हणजे आपण समोरच्याच्या बाजूने जोर लावत असतो. झोताच्या कल्पनेने बायसेप्स सैल पडतो आणि ट्रायसेप्स एकटा नीट काम करतो. 'बायसेप्स सैल सोड' असं सांगून हे जमत नाही, चित्र मनात उभं केलं की जमतं. ही कल्पनाशक्तीची खरी करामत.

ओरडण्याचंही तसंच. मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी १९६१ साली दाखवलं, की जोर लावताना ओरडलं किंवा जवळ पिस्तुलाचा बार झाला तर माणसाची ताकद वाढते. कियाई, म्हणजे वार करताना कराटेपटू मारतात ती आरोळी, हे मेंदूने लावून ठेवलेला ब्रेक क्षणभर सैल करणंच.

आणि 'हल्ला आधीच कळतो' ही सिद्धी? दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, ठोसा त्याच्या निम्म्या वेळात पोचतो. म्हणजे ठोसा बघून चुकवणं शक्यच नाही. नुसता दिवा लागल्यावर बटण दाबण्यात कराटेपटू इतरांपेक्षा वेगळे नसतात, पण हल्ल्याची चित्रफीत दाखवली की कुठला वार येणार ते लवकर ओळखतात. खांद्याची आणि कमरेची किंचित हालचाल त्यांना बोलते. आपण ते कसं ओळखलं हे त्यांनाही सांगता येत नाही, म्हणून त्याला अंतर्ज्ञानाचं नाव पडतं.

राहिले ते कोसळणारे शिष्य. ते लबाड असतातच असं नाही. अपेक्षेने नकळत हालचाल होते हे विल्यम कारपेंटर यांनी १८५२ सालीच मांडलं होतं, त्यात वर्षानुवर्षांची भक्ती आणि शेजारी पडलेला सहकारी यांची भर. या श्रद्धेची किंमत मात्र कधी कधी जबर असते. १९०० साली चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात कवायतीने आणि मंत्राने अंग गोळीलाही अभेद्य होतं असं मानणारे तरुण बंदुकांसमोर गेले आणि मेले.

अमेरिकेतले जॉर्ज डिलमनही स्पर्शाविना पाडण्याचा दावा करत. टीव्हीवरच्या चाचणीत या दाव्यावर विश्वास नसलेला माणूस काही केल्या पडेना, तेव्हा त्यांनी कारणं दिली: त्याची जीभ तोंडात चुकीच्या जागी असेल, किंवा त्याने पायाचा एक अंगठा वर उचलून दुसरा खाली दाबला असेल. अंगठा उचलायलाही, जाता जाता सांगतो, मेंदूतून निघून मेरूरज्जूतून खाली जाणारी तीच वाट लागते.