आयर्लंडच्या गावदफनभूमीत जागा कोणाला?

आयर्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या दफनभूमीत बहुधा मधोमध बिनछपराचं चर्च दिसतं आणि त्याच्याभोवती दाटीनं थडगी. सोळाव्या शतकात मठ बंद झाले, गावोगावची चर्चं प्रॉटेस्टंट राजसत्तेच्या ताब्यात गेली. गावकरी मात्र बहुतांशी कॅथलिकच राहिले, आणि वाडवडिलांच्या शेजारीच मातीत जायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. पडक्या मठांच्या आवारात पुरायला १६९७च्या कायद्यानं बंदी घातली, तरी लोक तिथंच पुरत राहिले.

१८२३ साली डब्लिनच्या सेंट केविन्स दफनभूमीत एका कॅथलिक धर्मगुरूला प्रार्थना म्हणू दिली नाही, तेव्हा मोठा क्षोभ उसळला. पुढच्या वर्षी कायदा सैल झाला, पण परवानगीची अट राहिलीच. १८६९च्या कायद्यानं प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा गेला. ओस चर्चांभोवतीच्या दफनभूम्या स्थानिक मंडळांकडे आल्या. आज त्यांतल्या कितीतरी दफनभूम्या काउंटी कौन्सिल, म्हणजे जिल्ह्याचं स्थानिक प्रशासन, सांभाळतं.

लोकांच्या समजुतीही याच मातीशी बांधलेल्या. शेवटी पुरलेल्यानं पुढचा येईपर्यंत दफनभूमीची राखण करायची, असं मानत. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या, की फाटकाशी आधी पोचायची धडपड चाले.

पण बाप्तिस्म्याआधी, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या पाण्याच्या विधीआधी, दगावलेल्या बाळाला या मातीत जागाच नव्हती. अशी बाळं स्वर्गात जात नाहीत, ‘लिंबो’त, म्हणजे ना स्वर्ग ना नरक अशा जागी, राहतात, ही शिकवण गावानं शतकानुशतकं ऐकली. त्यांच्यासाठी वेगळी जागा असे, तिला ‘किलीन’ म्हणत: जुनी मातीची गढी, ओसाड चर्च, शेताची हद्द, समुद्रकाठ. अंधार पडल्यावर बाप किंवा घरातला दुसरा पुरुष बाळाला घेऊन जाई. आई बाळंतिणीच्या खाटेवरच. खूण म्हणून बिननावाचा दगड, कुठं पांढऱ्या गारगोट्या. आत्महत्या केलेले आणि किनाऱ्याला लागलेले अनोळखी खलाशीही इथंच. केरी, गॉलवे, मेयो या पश्चिमेकडच्या काउंट्यांत अशा जागा पुष्कळ आहेत, आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. त्या आईबापांवर झालेला हा अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणेन.

१९६९च्या नव्या अंत्यविधीत बाप्तिस्मा न झालेल्या बाळांसाठी प्रार्थना आली. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं त्यांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असं म्हटलं. आता अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, किलीनला आशीर्वाद देऊन स्मृतिशिळा बसवतात. नावं मात्र मिळत नाहीत. बाप्तिस्माच नाही, तर चर्चच्या वहीत नोंद कुठून असणार? कोणाचं बाळ कुठं आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं.